पनवेलची दीड विटेची भिंत

पनवेलला कोणी प्रवासाला जात नाही, पनवेलवरून जातात. मुंबईहून पुण्याकडे येणारी मोटार तिथे घटकाभर थांबते, लोक पाय मोकळे करतात, ताडगोळे खातात आणि पुढच्या घाटाच्या काळजीत पुन्हा आपापल्या जागी बसतात. मुद्दाम मुक्काम करणारा माणूस एक तर कोर्टकचेरीचा तरी असतो, नाहीतर सरकारी तरी. मी सरकारी. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, एक भिंत बघायला मला तीन दिवस पनवेलला पाठवण्यात आलं. लोक ताजमहाल बघायला जातात. ज्याचं त्याचं नशीब.

भिंत कसली ते आधी सांगतो. खाडीकाठच्या एका गावाने अंगमेहनतीने शाळा बांधली होती. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाला आधीच पुरेसा त्रास झाला आहे. चार खोल्या, वर घराघरांतून गोळा केलेली नळीची कौलं, आणि पुढे विटांची दर्शनी भिंत. ही भिंत छपराच्याही वर पुरुषभर उंच नेलेली होती. कारण विचाराल, तर पलीकडच्या गावाचं देऊळ खाडीतल्या होडीतून दिसतं, मग आमची शाळा का दिसू नये? कारण सबळ होतं. ताजमहालालाही याहून सबळ कारण असेल असं मला वाटत नाही.

भिंत बांधली होती हिराजी म्हात्रे नावाच्या तिथल्याच गवंड्याने. आयुष्यभर शेताचे बांध आणि मिठागरांवरच्या खोल्या बांधणाऱ्या या माणसाचं हे पहिलं मोठं काम. आणखी तीन गावांना शाळा बांधायच्या होत्या आणि तिघांनीही हिराजीला बोलून ठेवलं होतं. पण अट एकच, आधी सरकारने ही भिंत पास करावी. नापास झाली तर हिराजीच्या हातात तालुक्यात कोणी थापी देणार नव्हतं. तेव्हा मी भिंत बघायला गेलो होतो असं कागदावर होतं, पण गावाच्या हिशेबी मी हिराजीला बघायला आलो होतो.

पहिला दिवस : पनवेल

खाणावळीच्या माडीवर मला खोली मिळाली. तिथे माझ्याआधी सबनीस येऊन बसले होते. शाळेला निम्मी मदत देणाऱ्या मुंबईच्या एका धर्मादाय मंडळाचे ते सल्लागार. दोन वर्षं विलायतेत राहून आलेले. तिथे ते काय शिकले ते तीन दिवसांत कळलं नाही, पण तिथे काय काय चांगलं असतं ते मात्र त्यांना तोंडपाठ होतं. खाणावळीतला चहा, उशी, खाट, या सगळ्यांची त्यांनी विलायतेतल्या चहा-उशी-खाटेशी तुलना केली. डासांची तुलना करता आली नाही, तिथे नसतात म्हणाले. पनवेलच्या डासांनी ती उणीव रात्री भरून काढली.

आमचं भांडण पुस्तकांचं होतं. विटांच्या भिंतीने वाऱ्याला कसं तोंड द्यावं याची तीन पुस्तकं आम्ही दोघांनी मिळून आणली होती आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नव्हतं.

माझ्या बांधकाम खात्याची नियमावली जुनी आणि सरळमार्गी. तिच्या मते वारा म्हणजे वारा. धुळ्याला जेवढा तेवढाच रत्नागिरीला, सरकारदरबारी भेदभाव नाही. तो पश्चिमेकडून येतो, भिंतीला एक धक्का देतो आणि निघून जातो. या नियमाने शाळेची भिंत दोन विटांएवढी जाड हवी होती.

सबनिसांचं विलायती पुस्तक फार चौकस. इमारत उंच किती, भोवती झाडं-घरं किती, जागा उघडी किती, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी त्याची विचारपूस. शिवाय त्या पुस्तकातला वारा भिंतीला समोरून ढकलतोच, वर पाठीमागून ओढतोही. असा दुतोंडी वारा आमच्या खात्याने कधी मान्य केलेला नव्हता. पण एवढी चौकशी करून उत्तर काय, तर बुटक्या इमारतीला एक विटेची भिंत पुरे, मध्ये मध्ये विटांचे खांब तेवढे जोडा. विलायतेत बुटक्यांशी वारा जपून वागत असावा.

तिसरं पुस्तक दिल्लीहून नवंकोरं आलेलं. त्यात देशाचा नकाशा, आणि नकाशावर वाऱ्याचे पट्टे. किनाऱ्याच्या पट्ट्यात वारा जोराचा, आतल्या पट्ट्यात बेताचा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक काळी रेघ. आम्ही कंदील जवळ घेतला. सबनिसांनी खिशातून भिंग काढलं. पनवेल सापडेना. उरण सापडलं, कर्जत सापडलं. पनवेल रेघेखाली होतं.

"रेघेच्या डाव्या कडेने धरलं तर दोन विटा," मी म्हटलं.

"उजव्या कडेने धरलं तर एक," सबनीस म्हणाले.

"आणि रेघेखाली काय?"

सबनिसांनी रेघेची जाडी मोजली. नकाशाच्या मापाने ती तीन-चार मैल भरली. म्हणजे तीन-चार मैलांच्या मुलखात वाऱ्याने कसं वागायचं याबद्दल दिल्लीची काहीच आज्ञा नव्हती. छापखान्यातल्या कुणा कारागिराने टाक जरा दाबून धरला असेल, त्याखाली अख्खं पनवेल चिरडलं होतं आणि आम्ही दोन पदवीधर माणसं भिंगातून त्याला शोधत होतो. मला त्या वेळी हसू आलं नाही. मी गंभीरपणे म्हटलं, "उद्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन ठरवू."

दुसरा दिवस : खाडीकाठ

सकाळी छकड्यातून गावात पोचलो. आमच्या सदाशिव पेठेत वारा येतो तो शेजाऱ्याच्या परवानगीने, आणि दोन्ही घरांचं भांडण असेल तर येत नाही. इथे पुढे नुसती उघडी खाडी, मिठागरांचे चौकोन, आणि मागे लांबवर प्रबळगड. वाऱ्याला अडवायला गावाने उभी केलेली एकच वस्तू म्हणजे ही भिंत.

गावचे पाटील पुढे आले. ताडगोळे आले, चहा आला. चहा इतका गोड की पुण्यात त्यात चार घरांचं भागलं असतं. पाटलांच्या मागे, जरा अंतर राखून, हिराजी उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, गुडघ्यापर्यंत पंचा, डोक्याला फडकं. त्याने आम्हांला नमस्कार केला आणि मग पूर्ण वेळ तो आमच्याकडे बघेचना, भिंतीकडेच बघत राहिला. मुलीला दाखवायला बसवल्यावर बाप बघतो तसा.

मी ओळंबा सोडला. दोरी भिंतीला वरपासून खालपर्यंत चिकटून राहिली. दुसऱ्या टोकाला सोडला, तिथेही तेच. माझ्या स्वतःच्या घराची एक भिंत अशी सरळ नाही, आणि ती मी देखरेख करून बांधलेली आहे. हे मी तिथे बोललो नाही.

"भिंत दीड विटेची दिसते," मी म्हटलं. "दीडच का धरलीस?"

"वीट तवरीच व्हती, सायेब," हिराजी म्हणाला. "दोन विटांची धरली असती तं छपराखालीच खपली असती. एक विटेची धरली असती तं मला झोप आली नसती."

सबनीस हसले. असलं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, त्यामुळे ते आम्ही लिहून घेतलं नाही.

मग सबनिसांनी वारा मोजायचं यंत्र काढलं. चार पितळी वाट्या, मध्ये दांडी, खाली काटा. ते त्यांनी छपरावर चढून उंच धरलं. वाटी हलेना. मे महिन्याची सकाळ, पानसुद्धा हलत नव्हतं. सगळा गाव माना वर करून बघत होता. शेवटी पाटलांना सबनिसांची दया आली, ते शिडीवर चढले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी यंत्राला जोरजोराने वारा घातला. वाट्या फिरल्या, गावाने समाधानाने श्वास सोडला. सबनीस रागाने खाली उतरले.

दुपारी दुसरा वाद निघाला. विलायती पुस्तकात समुद्रकाठच्या इमारतीला वेगळा नियम. खाडी हा समुद्र धरायचा का? आम्ही सकाळी आलो तेव्हा भरती होती आणि पाणी शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. सबनीस नियम वाचून होईपर्यंत ओहोटी लागली आणि पाणी पार क्षितिजाला गेलं, मागे मैलभर चिखल. सबनिसांनी मापं घेतली आणि जाहीर केलं की समुद्र लांब आहे. मी म्हटलं, "संध्याकाळी परत येईल." ते म्हणाले, "पुस्तकात वेळ दिलेली नाही." म्हणजे ती भिंत विलायती नियमाने ओहोटीला सुरक्षित होती आणि भरतीला धोक्याची. मी दोन पावलं चालून तोंडावरून रुमाल फिरवला आणि ते वाक्य माझ्या टिपणवहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझी बुद्धी कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

संध्याकाळी सबनीस पाटलांबरोबर मिठागर बघायला गेले. मी शाळेच्या पायरीवर बसून आकडेमोड करत होतो. छपराच्या तुळया आणि आडवे लाकडी पाटे भिंतीत टेकवलेले, वर कौलांचं ओझं, त्या ओझ्याने भिंत खाली दाबून धरलेली. हे ओझं हिशेबात धरलं तर दीड विटेची भिंतसुद्धा माझ्या नियमाच्या बरीच जवळ जात होती. मी ते धरलं. तेवढ्यात हिराजी येऊन पुढ्यात उकिडवा बसला.

"सायेब, एक इचारू?"

"विचार."

"उद्या सकालपासून आमी कौलं उतरवताव. पावसाआदी चालून परत घालाची हान. गावची समदी मानसं येनार. आनि दोन पाटं किडलंत, तं ते भिंतीतशी काढून नवं घालाचं हाय." त्याने भिंतीकडे हात केला. "तवर हिचं काय? वर वझं नाय, मागं धराला कोन नाय. माजा जीव थाऱ्यावर नाय. चार दिस बांबूंचा टेकू दिला तं?"

"मग दे की."

"बांबू पाटलांचं हान, न ते लग्नाच्या मांडवाला गेलंत. माजं कोन आयकतं? तुमी कागदावर लिवलं का टेकू देवा, तं आजच्या आज येतील."

मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, मला राग आला. दोन दिवस तीन पुस्तकांशी झुंजून मी कुठेतरी पोचत होतो आणि हा मला चौथाच प्रश्न विचारत होता.

"हिराजी," मी म्हटलं, "वारा पश्चिमेचा. तो पावसाबरोबर येणार. पावसाला अजून तीन आठवडे आहेत. मे महिन्यातल्या वाऱ्याबद्दल एकाही पुस्तकात, दिल्लीच्यासुद्धा, काही लिहिलेलं नाही."

"पन मे म्हैन्यान दुपारचा वारा प्रबलच्या अंगाशी येतो, सायेब. मागशी." तो जरा थांबला. "आनि कौलं तं समदा मुलूख मे म्हैन्यानच उतरवतो. ते दिल्लीला ठावं नाय का?"

माझ्या घरी, सदाशिव पेठेत, मे महिन्यात कौलं चाळतात. दर वर्षी. शिडीखाली उभा राहून ती झेलायला मीच असतो. विलायतेत घराचं छप्पर एकदा घातलं की घातलं, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात बिनछपराचं घर नाही, हे समजण्यासारखं आहे. दिल्लीने त्यांचं बघून लिहिलं असेल. पण मी? मी हातात कौल धरून वाढलेला माणूस. समोरच्या कागदावर माझ्याच अक्षरात 'कौलांचे ओझे' असं लिहिलेलं होतं.

"उतरवा कौलं," मी म्हटलं. "भिंतीला काही होत नाही."

हिराजी उठला. "बरा," एवढंच म्हणाला आणि गेला.

तिसरा दिवस : पाटलांची ओटी

सकाळी शाळेवर जत्रा होती. बाप्ये छपरावर, बायकांची रांग मागच्या चिंचेपर्यंत, आणि कौलं हातोहात खाली येत होती. त्या गडबडीत कुणाची तरी थट्टा चालली होती, हशा पिकत होता. आम्ही दोघं पाटलांच्या ओटीवर निकाल लावायला बसलो.

निकाल सबनिसांनीच सुचवला. खात्याच्या नियमाने दोन विटा, विलायती नियमाने एक, दिल्लीच्या नियमाने रेघेची डावी कड धरली तर दोन आणि उजवी धरली तर एक, म्हणून दीड. तिन्हींची सरासरी काढली. दीड. हिराजीने बांधली होती नेमकी तेवढीच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे मोठ्या आदराने बघितलं. वाऱ्याची सरासरी काढणारे जगातले पहिले दोन विद्वान आम्हीच असू. मी दाखला लिहिला, सही केली, सबनिसांनी सही केली. पाटलांनी तो कागद कपाळाला लावला.

मग जेवण. पाटलांनी आदल्या दिवशीच जिताडा आणून ठेवला होता. या भागात साहेबाला जिताडा देण्याची रीत आहे. मासा जेवढा मोठा तेवढं काम मोठं, आणि हा हातभर होता. सबनीस मासे खाणारे, त्यांचं विलायतप्रेम पहिल्या तुकड्याला गळून पडलं. माझ्यासाठी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. बिरडं आमच्याकडेही करतात, पण आमचं बिरडं याच्यापुढे शाळामास्तरासारखं वाटेल. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. छपरावरचे बाप्येही घरोघर जेवायला गेले होते, ही एकच गोष्ट त्या दिवशी कुणीतरी बरोबर केली.

मी ताक पीत होतो तेव्हा ओटीवर अंधारून आलं. प्रबळगड दिसेनासा झाला. मग अंगणातली धूळ, पत्रावळी, वाळत घातलेलं सुकट, सगळं एकदम उठून खाडीकडे पळालं. वारा मागून आला होता, पूर्वेकडून, आणि जेमतेम दहा मिनिटं होता. त्यातच तो आवाज झाला. फार मोठा नव्हता. पोतं टाकावं तसा.

आम्ही धावलो. भिंत अख्खीच्या अख्खी पुढे, खाडीच्या बाजूला, पालथी पडली होती. आमच्या तिन्ही पुस्तकांतल्या वाऱ्याने ती पडायची तर आत पडायला हवी होती. उघड्या छपरातून वारा आत शिरला, वर ओझं नाही, पाटे काढलेले, त्याने तिला नुसती बाहेर ढकलून दिली. खाली कोणी नव्हतं. बायका चिंचेखाली कौलं रचत होत्या, त्या ओरडत पुढे आल्या.

हिराजी जेवणाच्या हाताने आला. त्याने भिंतीभोवती एक फेरी मारली आणि पडलेल्या विटांतली एक उचलून सांध्यातला चुना नखाने खरवडून बघितला. चुना चांगला होता. तो निघाला नाही.

"हिराजी," पाटील सगळ्यांदेखत ओरडले, "पाटं काडलंस, सायबांनला सांगलं व्हतंस का?"

हिराजीने माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं. तो 'हो' म्हणू शकला असता. पण साहेबासमोर साहेबाचं नाव घ्यायचं नाही, साहेबाने स्वतः बोलायचं, एवढी रीत तो पाळत होता. तो थांबला होता माझ्यासाठी.

मी चष्म्यावरची धूळ पुसत होतो. बराच वेळ पुसत होतो.

"जाऊ दे," पाटील म्हणाले, "गवंडीच तो." आणि त्या शब्दाबरोबर तिथल्या माणसांनी हिराजीपासून जरा अंतर घेतलं.

पुण्यात परत

अहवाल मी तीन रात्री लिहिला. वारा पूर्वेचा होता, छप्पर उतरवलेलं होतं, कोणत्याही नियमावलीत बिनछपराच्या इमारतीचा विचार केलेला नाही, सगळं लिहिलं. आणि शेवटी एक ओळ. सबनिसांना मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "भलेपणा करायचा तर पगार मिळणार नाही अशा जागी करावा." मी ओळ तशीच ठेवून पाठवली. शूर वाटलं.

पंधरा दिवसांनी अहवाल परत आला. त्या ओळीवर तांबडी काट आणि समासात शेरा, 'विषयाशी संबंध नाही. वगळावे.' सोबत निष्कर्षही तयार होता: भिंत तिन्ही नियमांच्या सरासरीस अनुसरून होती, ती पडण्यास गवंड्याने पूर्वपरवानगीशिवाय छप्पर व पाटे काढणे कारणीभूत. खाली सहीची जागा सोडलेली.

माझी बढती त्या महिन्यात व्हायची होती. मी ओळ वगळली आणि सही केली.

शाळेची भिंत पनवेलच्या एका कंत्राटदाराने पुन्हा बांधली, छपराच्या वर न नेता. बाकी तीन गावांच्या शाळाही त्यानेच बांधल्या. हिराजी आता मिठागरावर मीठ ओढतो असं पाटलांच्या पत्रात होतं. बढती मला मिळाली. नव्या नियमावलीच्या समितीवर माझं नाव आहे, आणि पहिल्या बैठकीत नकाशातली रेघ बारीक करावी अशी सूचना मी केली, ती एकमताने मंजूर झाली.

सरकारी कागदात जिला जागा मिळाली नाही ती ओळ इथे लिहितो. इथे तांबडी शाई माझीच आहे.

कौलं उतरवणार असल्याचं हिराजी म्हात्रे याने आदल्या संध्याकाळी मला सांगितलं होतं, टेकूसाठी माझ्याकडे एक ओळ लिहून मागितली होती, आणि मी ती लिहून दिली नाही.